शहर वाढतं, मग रस्ते का तुटतात? खान्देशातल्या वाढत्या शहरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, चाळीसगाव, अमळनेर इथं प्लॉट घेणारे, घर बांधून राहिलेले आणि शहराला लागून शेती असलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. इथल्या उत्तरांचा विषय एकच आहे: एक रस्ता दुसऱ्या रस्त्याला मिळतो की नाही. खड्डा उद्या बुजवता येतो. पण जो रस्ता सोडलाच नाही, तो घरं उभी राहिल्यावर मिळवणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून हे बोलायची वेळ प्लॉट पडत असतानाची आहे.

रस्त्यांची जोडणी म्हणजे काय? दारापर्यंत डांबरी रस्ता आला की झालं ना?

दारापर्यंत रस्ता आला म्हणजे पोहोच झाली. त्या रस्त्यावरून पुढे कुठं कुठं जाता येतं, ती जोडणी. घरासमोरचा रस्ता दोन्ही टोकांना दुसऱ्या रस्त्यांना मिळत असेल, ते रस्ते आणखी तिसऱ्यांना मिळत असतील, तर बाजाराला, शाळेला, दवाखान्याला जायच्या तीन-चार वाटा असतात. एक पाइपलाइनसाठी खोदली, दुसरीवर लग्नाचा मांडव पडला, तरी तिसरी मोकळी असते. रस्ता आत येऊन भिंतीला थांबत असेल, तर तो कितीही गुळगुळीत असला तरी यायची-जायची वाट एकच.

जोडलेले रस्ते जाळ्यासारखे असतात. तुटक रस्ते झाडासारखे असतात: खोडातून फांदी, फांदीतून डहाळी, आणि एका डहाळीवरून शेजारच्या डहाळीवर जायचं तर पुन्हा खोडापर्यंत उतरायचं. आपल्या नव्या वसाहती बहुतेक झाडासारख्या झाल्या आहेत. खोड म्हणजे महामार्ग, नाहीतर तालुक्याचा जुना रस्ता.

शहर वाढणं आणि शहर पसरणं यात फरक आहे का?

आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. माणसं वाढली की घरं वाढणारच. त्यात वाईट काही नाही. २००१ च्या जनगणनेत जळगाव शहर सुमारे ३.६८ लाखांचं होतं, २०११ मध्ये ४.६० लाखांचं झालं. धुळे त्याच दहा वर्षांत सुमारे ३.४२ लाखांवरून ३.७६ लाखांवर गेलं. एवढ्या लोकांना जागा लागणारच.

माणसं ज्या वेगानं वाढतात त्याहून जास्त वेगानं जमीन खाल्ली जाते, तेव्हा शहर पसरतं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांमध्ये हेच मोजायला एक निर्देशांक ठेवला आहे: जमीन वापरण्याचा दर आणि लोकसंख्यावाढीचा दर यांचं गुणोत्तर. आपल्याकडे ते डोळ्यांनी दिसतं. शहराबाहेर पाच किलोमीटरवर कापसाच्या शेतात प्लॉटचे दगड रोवलेले, विजेचे चार खांब, एक कमान आणि त्यावर कुठल्यातरी नगराचं नाव. घरं दोन. आणि शहराच्या आत मात्र रिकामे प्लॉट काटेरी बाभळीत बुडालेले.

पसरण्याला दोन बाजू आहेत. एक घनतेची: माणसं किती विरळ राहतात. दुसरी रस्त्यांची: ती एकमेकांपर्यंत पोहोचतात कशी. विरळ वस्ती पुढे भरून निघू शकते. रिकाम्या प्लॉटवर घरं येतात, एकावर दुसरा मजला चढतो. रस्त्यांची आखणी मात्र भरून निघत नाही. म्हणून इथं भर दुसऱ्या बाजूवर दिला आहे.

जुन्या गावात गल्ल्या इतक्या अरुंद. तिथली जोडणी चांगली कशी म्हणता?

रुंदी आणि जोडणी या वेगळ्या गोष्टी आहेत. एरंडोल, पारोळा, अमळनेर यांच्या जुन्या भागात चारचाकी अडकते हे खरं. पण पायी माणूस एका बोळातून दुसऱ्यात, तिथून चौकात, चौकातून बाजारात सहज जातो. वाट बंद झाली तरी बाजूच्या बोळानं निघता येतं.

धुळ्याचं उदाहरण तर शिकण्यासारखं आहे. १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्जनं खान्देशाचं मुख्यालय धुळ्यात आणलं आणि जुन्या गावाशेजारी नवी पेठ आखून व्यापाऱ्यांना तिथं बोलावलं. आजही धुळ्यात पत्ता सांगताना ‘गल्ली नंबर ४’, ‘गल्ली नंबर ५’ असं सांगतात. नंबरानं पत्ता सांगता येतो, कारण गल्ल्या सरळ, ओळीनं आणि आडव्या वाटांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. दोनशे वर्षांत तिथली घरं कितीदा पडली आणि बांधली गेली असतील. गल्ल्या आहेत तिथंच आहेत.

सगळीकडे हेच दिसतं. १६६६ च्या आगीत लंडनचा मोठा भाग जळाला, नवे आराखडे पुढे आले, पण शहर बहुतांशी जुन्याच रस्त्यांवर पुन्हा उभं राहिलं. घर एका पिढीचं असतं; रस्त्याची रेघ त्याच्या कितीतरी पुढं टिकते. जमिनीच्या मालकीच्या हद्दी त्या रेघेला चिकटलेल्या असतात, आणि मालकी हलवणं कुणालाच सोपं नसतं.

मग नव्या कॉलन्यांत रस्ते का तुटतात? तिथं तर सगळं मंजूर रेखांकन असतं.

रेखांकन मंजूर असतं, पण ते एका गटाचं असतं. सगळ्या प्रश्नाची गाठ इथं आहे.

शहरालगतची शेती गट नंबरांत वाटलेली आहे. एक शेतकरी किंवा त्याच्याकडून घेतलेला विकसक आपला गट बिनशेती करतो, नगररचना विभागाकडून लेआऊट, म्हणजे प्लॉट-रस्त्यांचं रेखांकन, मंजूर करून घेतो, रस्ते आणि ओपन स्पेस सोडतो, प्लॉट विकतो. त्याच्या नकाशापुरतं सगळं नियमात असतं. अंतर्गत रस्ता ९ मीटर किंवा जास्त, कडेला झाडं, मध्ये ओपन स्पेस. शेजारचा गट मात्र तेव्हा शेतच असतो. तिथं रस्ता न्यायचा कशाला? बांधापर्यंत रस्ता नेला तर एक प्लॉट कमी पडतो. म्हणून बांधाला लागून प्लॉटची ओळ टाकली जाते आणि रस्ता त्याच्या आधीच वळतो किंवा संपतो.

सहा वर्षांनी शेजारचा गट प्लॉटमध्ये जातो. त्याचा विकसक बघतो, पलीकडून रस्ता आलेलाच नाही. मग तोही आपल्या बाजूनं प्लॉटची ओळ टाकतो. दोन ओळींच्या पाठी एकमेकींना लागतात. असे दहा गट झाले की दहा वसाहती तयार होतात आणि प्रत्येकीचं एकच तोंड, तेही मुख्य रस्त्याकडे. यात कुणी एकानं नियम मोडला असं नाही. प्रत्येकानं आपला गट बघितला, शिवार कुणीच बघितलं नाही.

लेआऊट मंजूर करताना शेजारच्या जमिनीला रस्ता जोडण्याचा आग्रह नगररचना विभागाला धरता येतो. तो धरला जातो की नाही, यावर पुढची शंभर वर्षं ठरतात. माझं ठाम मत आहे की लेआऊटच्या फाईलमध्ये चटई क्षेत्राइतक्याच, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्या हिशेबाइतक्याच, बारकाईनं हा एक मुद्दा तपासला गेला पाहिजे: चारही बाजूंच्या बांधांना किती ठिकाणी रस्ता भिडतो?

एखादी जोडणी नसली तर असा काय फरक पडतो?

हिशेब करून बघू. मुख्य रस्त्याला लागून दोन लेआऊट आहेत. प्रत्येकाची रुंदी १०० मीटर, खोली ४०० मीटर. दोन्हींच्या शेवटच्या टोकाला एकेक घर. सरळ अंतर १०० मीटर. पण मध्ये भिंत आहे. म्हणजे ४०० मीटर बाहेर, १०० मीटर मुख्य रस्त्यावरून, पुन्हा ४०० मीटर आत: ९०० मीटर. मिनिटाभराची वाट अकरा मिनिटांची झाली. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना भुसावळ-जळगावात हे अंतर दुपारी कुणी पायी जात नाही. गाडी काढतो. आणि दोन्ही वसाहतींतल्या सगळ्या गाड्या त्याच एका मुख्य रस्त्यावर येतात, जिथं ट्रकही असतात.

अशा भिंतींकडे एकदा नीट बघावं. मी बघितलेल्या एका भिंतीला खालच्या बाजूला भगदाड होतं, दहा-बारा वर्षांचं पोर वाकून जाईल एवढं. कडेच्या विटा हात लागून लागून गुळगुळीत झाल्या होत्या, खालच्या मातीत पायवाट पडून खळगा झाला होता, आणि बाजूला विटांचा ताजा ढीग होता, म्हणजे कुणीतरी ते पुन्हा बुजवायच्या तयारीत होतं. पलीकडे शाळा होती. मुलांनी रस्ता कुठं हवा ते विटा पाडून सांगितलं होतं. नकाशा काढणाऱ्यानं तेवढं ऐकलं असतं तर ३ मीटरची एक गल्ली पुरली असती.

फरक आणखी ठिकाणी दिसतो. घंटागाडी बंद गल्लीत शिरते आणि तेवढीच लांब उलटी बाहेर येते. मागे मुलं खेळत असतात, म्हणून एक माणूस खाली उतरून हात दाखवत चालतो. पाण्याच्या टँकरचं तेच, स्कूल बसचं तेच. स्कूल बस तर आत येतच नाही. लहान मुलं कमानीपाशी महामार्गाच्या कडेला उभी राहतात. रुग्णवाहिकेचा रस्ता चुकला तर ती वसाहत सोडून पुन्हा बाहेर येऊन दुसरीत शिरते. जलवाहिनीसुद्धा रस्त्याखालून जाते. रस्ता संपला की वाहिनीही संपते, आणि टोकाच्या घरांना पाणी कमी दाबानं येतं.

बंद गल्लीत शांतता असते, चोऱ्या कमी होतात, मुलं खेळतात. त्याचं काय?

ही तक्रार खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. कॉलनीतला रस्ता पुढे जोडला की भरधाव मोटारसायकली आतून जायला लागतात, हे लोकांनी अनुभवलेलं असतं. म्हणूनच जोडणीचा विषय निघाला की सोसायटीच्या बैठकीत पहिला हात विरोधात वर जातो.

पण शांतता हवी म्हणून माणसाची वाट बंद करायची गरज नाही. गाडीची वाट रोखता येते. रस्त्याच्या टोकाला खांब रोवले, मध्ये एवढीच फट ठेवली की पायी माणूस आणि सायकल जाईल, चारचाकी जाणार नाही, तर दोन्ही साधतं. जर्मनी, डेन्मार्कमध्ये गाडीसाठी बंद असलेल्या कितीतरी गल्ल्या पायी आणि सायकलसाठी उघड्या असतात, आणि त्यामुळे तिथली जोडणी टिकून राहिली आहे. आपल्याकडे मोटारसायकल अशा फटीतून घुसते, म्हणून नागमोडी लोखंडी पाइप लावावा लागतो. काही उद्यानांच्या दारांना तो असतोच.

चोरीबद्दल एवढंच सांगतो: वर्दळ असलेल्या गल्लीवर शेजाऱ्यांची नजर असते. भिंतीआडची मोकळी, अंधारी मागची बाजू जास्त धोक्याची.

हे फक्त आपल्याकडेच होतंय का?

नाही. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोघा अभ्यासकांनी ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या असलेल्या नकाशावरून जगभरातल्या रस्त्यांची जोडणी मोजली. २०२० मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष चिंतेचा आहे: १९७५ नंतरच्या दशकांत जगात जे नवे रस्ते झाले, ते आधीच्या रस्त्यांपेक्षा अधिकाधिक तुटक होत गेले. आग्नेय आशियात, जिथं फाटकबंद वसाहती वाढल्या, तिथं हे जास्त दिसतं. बोलिव्हिया, अर्जेंटिना, पेरू या देशांत चौकटीची, म्हणजे उभ्या-आडव्या सरळ रस्त्यांची, जुनी सवय टिकून आहे.

त्याच दोघांनी आधी अमेरिकेतल्या शंभर वर्षांचा अभ्यास केला होता. तिथं तुटकपणाचं शिखर १९९४ च्या सुमारास आलं आणि मग नव्या वसाहती पुन्हा थोड्या जोडलेल्या होऊ लागल्या. म्हणजे वारं फिरतं. नियम बदलले, लोकांनी मागणी केली, तर नव्या वसाहती सुधारतात. जुन्या मात्र आहेत तशाच राहतात. खान्देशातली शहरं अजून वाढायची आहेत, हे आपलं नशीब समजायला हवं. मुंबई-पुण्याला जी संधी उरलेली नाही, ती जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शिवारात अजून शिल्लक आहे.

रेल्वे, नदी आणि महामार्ग यांनीही शहरं तोडली आहेत ना?

तोडली आहेत, आणि घडवलीही आहेत. १८६० च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला आणि जळगावची बाजारपेठ उभी राहिली. भुसावळ तर रेल्वेचंच गाव. पण रुळांच्या दोन्ही बाजूंना शहर वाढलं की ओलांडायच्या जागा मोजक्याच राहतात. जळगावात शिवाजीनगरचा जुना उड्डाणपूल २०१९ मध्ये पाडला, नवा व्हायला काही वर्षं गेली. तेवढ्या काळात पलीकडच्या लोकांना बाजारात यायला किती वळसा पडला, हे तिथं राहणाऱ्यांना विचारावं. एक दुवा गेला आणि अख्खं उपनगर लांब गेलं.

धुळ्यात पांझरा आहे. देवपूर आणि जुनं धुळे यांचं नातं पुलांवर चालतं. नाल्यांचंही तसंच. लेआऊटच्या कडेनं नाला गेला की त्याला हद्द मानतात आणि पलीकडे रस्ता नेत नाहीत, खरं तर तिथं एक मोरी, म्हणजे छोटा पूल, टाकली की काम होतं.

महामार्गाची गोष्ट जळगावकरांना सांगायला नको. सुरत-नागपूर हा जुना ६ क्रमांकाचा, आताचा ५३ क्रमांकाचा महामार्ग शहराच्या मधून गेला. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली इथं शाळेची मुलं आणि मालट्रक एकाच रस्त्यावर आले. समांतर रस्त्यांसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली. लोकांच्या मागणीत जोडणीचं सगळं शास्त्र आहे: गावातल्या गावात जाणाऱ्याला महामार्गावर यावं लागू नये. मला पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन्ही बाजूंच्या वसाहती आतून एकमेकींना जोडलेल्या असत्या, तर समांतर रस्त्यावर तरी इतका भार का आला असता? पाळधी ते तरसोद बाह्यवळणाच्या कडेनंही आता शेतं प्लॉटमध्ये जाणार. तिथं तरी प्रत्येक गटाचं तोंड थेट बाह्यवळणावर उघडू देऊ नये. नाहीतर वीस वर्षांनी त्यालाही समांतर रस्ता मागायची वेळ येईल.

मुख्य रस्ता रुंद केला तर हे सुटेल का?

थोड्या दिवसांपुरतं. सगळ्या वसाहतींचं पाणी एकाच नाल्यात सोडलं तर नाला कितीही खोल केला तरी पुरत नाही.

आमच्या भागाची जोडणी आम्हाला मोजता येईल का?

येईल, आणि मोजावीच. मोबाइलवर नकाशा उघडा, घराभोवतीचा १ चौरस किलोमीटर भाग धरा आणि त्यातले चौक आणि तिठे मोजा. दर १०० मीटरवर रस्ता असलेल्या चौकटीत १ चौरस किलोमीटरला साधारण १०० चौक येतात. दर २०० मीटरवर असेल तर २५. मग बंद टोकं मोजा. बंद टोकं तिठ्यांच्या बरोबरीला आली, तर भाग तुटलेला आहे असं समजा.

दुसरी रीत आणखी सोपी. घरापासून शाळेपर्यंत रस्त्यानं पडणाऱ्या अंतराला सरळ अंतरानं भागा. चांगल्या चौकटीत तो सरासरी १.२७ येतो आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलं तरी १.४१ च्या वर जात नाही. तुमच्याकडे ३ किंवा ४ येत असेल, तर तो आकडा नगरसेवकाला दाखवा. ‘रस्ता खराब आहे’ या तक्रारीपेक्षा ‘२५० मीटरवरच्या शाळेला १ किलोमीटर चालावं लागतं’ ही तक्रार जास्त नेमकी असते.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वस्ती कार्यक्रमानं शहरासाठी सुचवलेलं प्रमाणही माहीत असावं: रस्त्यांसाठी सुमारे ३० टक्के जमीन आणि दर चौरस किलोमीटरला किमान १८ किलोमीटर रस्ते.

पाणंद, गाडवाट, शिवरस्ते यांचा शहराशी काय संबंध?

फार जवळचा, आणि याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. शेतं प्लॉटमध्ये जायच्या आधी शिवारात रस्त्यांचं एक जाळं असतंच. दोन गावांच्या हद्दीवरचा शिवरस्ता, शेतांमधून जाणारी पाणंद, बैलगाडीची वाट. हे रस्ते एका गटाचे नसतात. ते अनेक गट ओलांडून जातात. म्हणजे गटागटानं पडणाऱ्या लेआऊटना जोडू शकणारा धागा आपल्याकडे आधीपासून आहे.

पण लेआऊट पडतात त्या धामधुमीत हीच वाट गिळली जाते. एक कुंपण दोन हात पुढे सरकतं, मग दुसरं. गाड्या बंद झालेल्या असतात, वाटेवर बाभळी उगवतात, आणि काही वर्षांनी तिथं वाट होती हे म्हाताऱ्या माणसांनाच माहीत राहतं. गाव नकाशावर ती दिसते. तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, महाभूनकाशा या संकेतस्थळावरही गटांच्या हद्दी बघता येतात. शेताच्या बांधावरून जायच्या वाटेचा वाद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे नेता येतो. चालू असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखालीही दाद मागता येते. शहराला लागून असलेल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं, महापालिकेत जायच्या आधी, आपल्या शिवारातल्या अशा वाटा मोजून घ्याव्यात. धुळ्यात २०१८ मध्ये वलवाडी, महिंदळे, अवधान, बाळापूर अशी गावं महापालिकेत आली. अशा वेळी गावाच्या दप्तराबरोबर गावाच्या वाटाही सही-सलामत शहराकडे आल्या पाहिजेत.

विकास योजनेत रस्ता दाखवलाय, जागेवर तो नाही. असं का?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे शहराची विकास योजना होते, तिच्यात डी.पी. रोड दाखवलेले असतात. नकाशावर रेघ मारली म्हणजे जमीन पालिकेची होत नाही. ती संपादित करावी लागते, पैसे किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) द्यावे लागतात. छोट्या पालिकांकडे पैसा नसतो. १० वर्षांत संपादन झालं नाही तर कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना देऊ शकतो, आणि मुदतीत पालिकेनं पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. शेतकऱ्याच्या बाजूनं हे न्याय्यच आहे. त्याची जमीन कागदावर किती वर्षं अडकवून ठेवायची? पण त्यातून रस्त्याच्या मधलाच एक तुकडा निसटतो आणि दोन्ही बाजूंचा झालेला रस्ता कायमचा अर्धवट राहतो.

मग यावर उपाय काय? कुठं काही चांगलं झालंय का?

दोन मार्ग मला खान्देशाला लागू पडणारे वाटतात.

पहिला, नगररचना योजना, म्हणजे टी.पी. स्कीम. शंभर-दोनशे एकर जमीन एकत्र धरतात, सगळ्यांकडून ठरावीक हिस्सा रस्ते-उद्यानांसाठी घेतात आणि उरलेला प्रत्येकाला सरळ आकाराच्या अंतिम भूखंडात परत देतात. जमीन कमी होते, पण प्रत्येक भूखंडाला रस्ता मिळतो आणि किंमत वाढते. मुंबई प्रांतात याचा कायदा १९१५ पासून आहे. गुजरातनं तो सोडला नाही. अहमदाबादचा मोठा भाग असाच उभा राहिला. महाराष्ट्रात मध्ये बराच काळ तो बाजूला पडला होता. पुण्याजवळ म्हाळुंगे-माणमध्ये तो पुन्हा हाती घेतला गेला. नंदुरबारला तर गुजरातची सीमा हाकेवर आहे. बघून यायला लांब जावं लागत नाही.

दुसरा मार्ग नगररचनातज्ज्ञ श्लोमो एंजल यांनी मांडला, तो गरीब पालिकेलाही परवडतो: शहर पोहोचायच्या आधीच, बाहेरच्या शेतजमिनीत साधारण दर १ किलोमीटरवर २५ ते ३० मीटर रुंदीच्या मोठ्या रस्त्यांची जागा तेवढी ताब्यात घेऊन ठेवायची. डांबर नंतर. आतल्या गल्ल्या लोक पाडतील. इथिओपियातल्या अदामा, बहिर दार, हवासा, मेकेले या शहरांत हा प्रयोग झाला. ही शहरं आपल्यासारखीच, वेगानं वाढणारी आणि मर्यादित पैशांची.

गुंठेवारीतल्या वस्त्यांचं काय?

गुंठेवारी म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडून विकलेले प्लॉट. २००१ च्या कायद्यानं ती नियमित करता येते. २०२१ च्या दुरुस्तीनं ती सवलत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटना मिळाली. पण नियमित होतो तो प्लॉट. रस्ता आहे तेवढाच राहतो. नियमित करताना दोन वस्त्यांमधली एखादी रिकामी जागा रस्त्यासाठी मिळवता आली तर तेव्हाच मिळवावी.

प्लॉट घेताना आम्ही काय बघावं?

झोन दाखला (जमीन विकास योजनेत कशासाठी ठेवली आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (त्या योजनेच्या नकाशाचा तेवढा तुकडा) मागा. शेजारच्या गटांतून कुठला डी.पी. रोड जातो ते त्यावर दिसतं. मंजूर रेखांकनात आतला रस्ता हद्दीपर्यंत गेलाय का, की शेवटच्या प्लॉटशी थांबतो, ते बोट ठेवून बघा. मग जागेवर जा आणि मागच्या बाजूच्या शेतात उभं राहून विचार करा: उद्या इथं घरं झाली तर मी इकडून बाहेर पडू शकेन का? एजंट दाखवेल ती कमान बघून ठरवू नका.

माझी शेती शहराला लागून आहे. लेआऊट पाडायचा आहे. रस्ता सोडला तर माझंच नुकसान ना?

एखाद्या प्लॉटचं दिसतं, खरं. पण दोन्हीकडून वाट असलेल्या लेआऊटमध्ये गिऱ्हाईक लवकर येतं, आणि उद्या भाऊबंदांचा शेजारचा गट पडेल तेव्हा तुमच्या मागच्या प्लॉटनाही रस्त्याचं तोंड मिळतं. दगड रोवायच्या आधी शेजारच्या गटमालकाशी बसून बोला. त्याचा रस्ता कुठून येणार आणि तुमचा कुठं भिडणार, हे दोघांच्या नकाशात एकाच जागी येऊ द्या. प्रत्येक बांधाला निदान एक रस्ता हद्दीपर्यंत न्या.

आणि एक गोष्ट कटाक्षानं टाळा. काही लेआऊटमध्ये रस्ता हद्दीपर्यंत नेतात, पण शेवटची फूट-दोन फुटांची पट्टी स्वतःच्या नावावर ठेवतात, म्हणजे पुढे शेजाऱ्याकडून पैसे घेतल्याशिवाय त्याला रस्ता जोडता येऊ नये. ही पट्टी पुढे वारसांमध्ये वाटली जाते, कुणी मुंबईला असतो, कुणी सुरतेला, कुणाचा पत्ताच नसतो, आणि एका फुटासाठी दोन वसाहती वर्षानुवर्षं अडून राहतात. मंजुरीला नकाशा देतानाच रस्त्याची रेघ थेट गटाच्या हद्दीच्या रेघेला टेकलेली आहे, मध्ये पट्टी नाही, हे वास्तुविशारदाकडून लिहून घ्या, आणि रस्ते पालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित करताना ते टोकही त्यात धरा.